गोधडीची मागची बाजू

आत्याच्या गोधडीचा फोटो मी आधी रात्री घरात फ्लॅश लावून काढला. गोधडी एखाद्या छापील चादरीसारखी सपाट दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओसरीवर पसरली आणि ऊन कडेने येईपर्यंत थांबलो. तिरप्या उन्हात एकेक टाका आपली बारीक सावली घेऊन वर आला. काठापासून निघालेला धावदोरा चौकटी-चौकटींनी मध्यापर्यंत गेलेला. सगळ्या ओळी घट्ट, सरळ. एक तेवढी भरकटलेली.

"ती आईची. तवा तिला नीट दिसत नव्हतं," आत्या म्हणाली.

हे फोटोत कुठून येणार? मी वही काढली. कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, कुठला खण कुणाच्या लग्नातला, ती सांगत गेली, मी लिहून घेत गेलो. मग मागची बाजू घ्यावी म्हणून गोधडी उलटली.

"मागचं नको काढू लेकरा. लोकाला काय दावायचं?"

मागे ठिगळावर ठिगळ होतं. 1972च्या दुष्काळात आजी आणि आत्या खडी फोडायला जात. सुकडीवर, मिलोच्या लाल भाकरीवर दिवस काढले. बाहेर जाण्याजोगं लुगडं दोघींत एकच होतं. ते ठिगळ घेण्याच्याही पलीकडे विरलं, तेव्हा गोधडीच्या मागे लागलं.

हा इतिहास आहे, जपलाच पाहिजे, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पुण्यात केळकर संग्रहालयात घरोघरच्या वापरातल्या वस्तू पाहताना मी असाच भारावून गेलो होतो. पण तिथल्या दिव्या-अडकित्त्यांचे धनी समोर उभे नसतात. इथे जिच्या अंगावरचं ते लुगडं, ती बाई माझ्यासमोर बसली होती. गोधडी वारशाने माझ्याकडे येईल. तिने पन्नास वर्षं झाकून ठेवलेली लाज चारचौघांत उलगडण्याचा हक्क मात्र त्याबरोबर येत नाही. आणि हल्ली फोटो काढणं आणि तो पाठवणं यांत श्वासाचंही अंतर उरलेलं नाही. घरच्या ग्रुपवर गेलेला फोटो उद्या कुणाच्या स्टेटसवर असेल, ते आपल्या हातात राहत नाही.

मी मोबाइल खाली ठेवला. विषयही काढला नाही.

जेवणं झाल्यावर तीच म्हणाली, "काढ. पर तुझ्यापाशीच ठिव. पोरींना दाव, त्यांना ठावं पाहिजे."

मग मापाला पट्टी शेजारी ठेवून दोन फोटो घेतले. एकात तिचा हात त्या ठिगळावर आहे, नखाशेजारी सुईचे जुने वण दिसतात. ते दोन फोटो आणि वहीची ती पानं मी एकत्र ठेवली आहेत. हे लिहू का, असंही तिला विचारलं. "लिही. फोटू नको छापू," म्हणाली.

ऊन उतरल्यावर तिने गोधडीची घडी घातली, मागची बाजू आत घेऊन.