पाडण्याआधी विचारायचे कुणाला?

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्यामध्ये रोहा तालुक्यातले खांब हे गाव आहे. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले, त्याच टप्प्यात ते येते. रस्ता रुंद व्हायचा तर कडेचे काहीतरी जाणारच. कुणाची पडवी जाते, कुणाची टपरी, कुणाचे आंब्याचे झाड. काम किती रेंगाळले यावर कोकणात इतके विनोद झाले आहेत की त्यात आणखी भर नको. पण अशा रस्त्यांच्या कडेला त्याहून जुना प्रश्न उभा असतो. ज्याचे बांधकाम पाडायचे त्याला आधी विचारायचे, की नुसते कळवले तरी पुरे?

सव्वाशे वर्षांपूर्वी असे काही विचारण्याची पद्धतच नव्हती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडायच्या, रुंद रस्ते काढायचे, शहरात वारा खेळवायचा, असा त्याचा खाक्या. भरपाई मिळे ती मालकाला. भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार बोचके उचलून शेजारच्या चाळीत जाई आणि तिथली दाटी वाढवी. ट्रस्टने स्वतः चाळी बांधल्या नाहीत असे नाही, पण पहार पुढे आणि वीट मागे हाच क्रम राहिला. शहराच्या भल्यासाठी घर पाडले जाते, तेव्हा त्या घरात राहणाऱ्याचे मत घेण्याचे कारण काय, असा हा विचार होता. त्यात दुष्टावा होता असे म्हणता येणार नाही. बेफिकिरी मात्र भरपूर होती.

पुढची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे हा विचार फारसा हलला नाही. तो हलवण्यास निमित्त झाले ते रायगडचेच एक गृहस्थ. आंबेतचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले, त्यांनी १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव दिले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवून माणसांना आपापल्या मुलखात धाडण्याचा हुकूम सोडला. ऐन पावसात पाडापाडी सुरू झाली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड.

हा निकाल अनेकदा अर्धाच सांगितला जातो. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यातले गाजलेले वाक्य. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क न्यायालयाने दिला नाही. नोटीस न देता अडथळे हटवण्याची मुभा देणारे, १८८८ च्या महापालिका कायद्यातले ३१४ वे कलमही रद्द केले नाही. तो अधिकार सरसकट वापरू नका, माणसाचे म्हणणे ऐकण्याची वाट बंद करू नका, एवढेच बजावले. शिवाय पावसाळा सरून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, कुणाला हलवायचे नाही असे सांगितले. कोकणात पावसाळ्यात छप्पर उतरवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. त्या निकालातला सर्वांत व्यावहारिक भाग बहुधा हाच.

त्याच सुमारास रायगडच्या उत्तर टोकाला दुसरीच गोष्ट घडत होती. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेले शेतकरी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. गावठाणाचे काय, हे मात्र लोंबकळत राहिले. मुलगा लग्नाचा झाला की पडवीची खोली होते, खोलीवर मजला चढतो. परवानगी मागायला जावे तर जमीन नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची. या घरांना आगरी-कोळी लोक गरजेपोटी बांधलेली घरे म्हणतात, सरकारी कागदाला ती अनधिकृत दिसतात. अर्थात गरजेच्या नावाखाली भाड्याच्या चार-चार मजली इमारतीही उठल्या, हे त्या गावांतल्या जाणत्यांनाही ठाऊक आहे.

कळवण्याकडून विचारण्याकडे पाऊल पडले ते पेणमध्ये. २१ सप्टेंबर २००८ रोजी, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची की नाही, यावर सरकारनेच मत घेतले. शेतकऱ्यांनी प्रचंड बहुमताने नकार दिला आणि तो सेझ उभा राहिला नाही. जमिनीच्या मालकाला शासनाने असे थेट विचारण्याचा प्रसंग पुन्हा सहसा आला नाही. कदाचित उत्तर फार स्पष्ट मिळाले म्हणून.

नंतर १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरला लगाम घातला. किमान पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, पाडकामाचे चित्रीकरण, नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून वसुली. मात्र रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी यांवरच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण लागू नाही, असेही त्याच निकालात आहे. हायवेच्या हद्दीत उभी असलेली टपरी तिथेच बाहेर पडते. तिच्यासाठी राहतो २००२ चा महामार्ग जमीन नियंत्रणाचा कायदा, त्यात नोटीस आणि खुलाशाची तरतूद आहे.

आणि ज्याचे बांधकाम स्वतःच्या जमिनीवर आहे तो तरी मोकळा आहे का? ग्रामपंचायत घरपट्टी घेते, असेसमेंटचा उतारा देते, आणि लोक तो उतारा परवानगी समजून जपून ठेवतात. कर भरल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही, हे नोटीस आल्यावर कळते. महसूल कायद्यातल्या दुरुस्तीनंतर गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला वेगळ्या एनएची, म्हणजे अकृषिक परवानगीची, गरज राहिलेली नाही. दुसरीकडे राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून मोकळ्या पट्ट्यात ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा आहे. महामार्गाकाठच्या गावात ही दोन मापे एकाच वाडीवरून जाऊ शकतात. एक नियम म्हणतो बांध, दुसरा म्हणतो थांब. मग घरमालकाने आधी ग्रामपंचायतीत जायचे, तालुक्याला तहसीलदारांकडे, की महामार्गाच्या कार्यालयात? तिन्ही ठिकाणचा नकाशा वेगळा असतो, आणि त्याच्या घराची भिंत या तिन्हींत एकाच जागी असेल याची खात्री कुणी देत नाही.