ऊन कुणाच्या बापाचं?

मागच्या श्रावणात आमच्या मारुतीच्या देवळात मी गीतेचा तिसरा अध्याय लावला होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दरवर्षी एखादा अध्याय घेतो. ऐकायला दहा-बारा माणसं, त्यातली तीन-चार डुलक्या घेणारी. त्या दिवशी बारावा श्लोक आला. देवांनी दिलेलं त्यांना परत काही न देता जो एकटाच भोगतो तो चोर, असं तिथं स्पष्टच म्हटलं आहे. खांबाला टेकलेला माझा पुतण्या मागून म्हणाला, "आण्णा, मंग मी चोर का? ऊन काय कुणाच्या बापाचं हाय?"

देऊळ हसलं. मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते मलाच पटलं नाही.

त्याच्या विचारण्याला कारण होतं. सरकारी योजनेत दहा टक्के भरून त्यानं पाच अश्वशक्तीचा सौर पंप बसवला आहे. त्याआधी शेतीची वीज पाळीनं यायची, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीला बारा वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं. पायाखाली काय येईल याचा नेम नाही, आणि घरी बायको जागी. आता सूर्य वर आला की पंप सुरू, मावळला की बंद. बिल नाही. या सुखाला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. ज्याच्या घरी दिवाच नाही त्याला अपरिग्रह शिकवणं हा चावटपणा आहे, आणि तो बहुतेक वेळा पंख्याखाली बसून केला जातो.

पण पंप आला आणि त्यानं पाऊण एकर ऊस लावला. माण तालुक्यात! जिथं ज्वारी-बाजरी पिकली तरी आम्ही पेढे वाटतो. जानेवारीतच विहिरीचा तळ दिसला. मी काठावर उभा राहून खडकातली ओल बघत होतो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. इतकी वर्षं पाणी आम्ही राखलं नव्हतं, भारनियमनानं राखलं होतं. आठ तासांनी वीज जायची, म्हणून उपसा थांबायचा. त्याला आम्ही शिव्या घालत होतो आणि आमचा संयम तेच पाळत होतं. आता ऊर्जा रोज नवी येते, पाणी मात्र त्याच जुन्या पावसाचं. ते पावसाळ्याशिवाय भरत नाही.

त्या कोरड्या तळाशी मला वाळवंटीकरण हा शब्द आठवला. तो म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे उंट येतात. संयुक्त राष्ट्रांचा याविषयीचा करार १९९४ सालचा, आणि त्यातली व्याख्या वेगळीच आहे: कोरड्या प्रदेशातली चांगली जमीन हवामानानं आणि माणसाच्या वागण्यानं निकस होत जाणं. वाळू कुठून चालत यावी लागत नाही. इस्रोच्या २०२१ च्या नकाशासंग्रहात देशातली ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन अशी खालावलेली दाखवली आहे, म्हणजे जवळजवळ तीस टक्के. त्यात आमचे माळ असणारच.

आणि जमिनीचं हे निकस होणं काही पंपापासून सुरू झालेलं नाही. आमच्या घरात ते चुलीपासून सुरू झालं, असं मला आता वाटतं. आई सकाळी शेण कालवून गोवऱ्या थापायची. भिंतभर तिच्या बोटांचे ठसे. उन्हाळ्यात हुडवा रचायची. लाकूडफाट्यासाठी जवळची बाभळ संपली, मग लांबची, मग तिच्या मुळ्या. धुरानं तिला आयुष्यभर खोकला दिला. मी तिच्या कष्टांवर भाषणं केली आहेत, पण एक हिशेब कधी केला नाही: जे शेण रानात जायला हवं होतं, ते आम्ही भाकरीखाली जाळत होतो. मातीच्या ताटातलं उचलून स्वतःचं शिजवत होतो. चोरीच म्हणायची तर ती तिथं होती. ती भुकेपोटी केलेली, म्हणून मी तिला माफ करतो, पण मातीनं तिची भरपाई मागितलीच.

पुढे गावात काहींनी गोबरगॅस बांधले. दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे तीन-चार मोठी जनावरं हवीत. ज्याच्या दावणीला एक शेरडू, त्याच्या हे कामाचं नाही. थंडीत गॅस कमी पडतो, टाकीला तडा गेला की सगळं बंद. कटकटी खूप. पण मला त्यात जे दिसतं ते होमहवनात दिसत नाही. शेणातला गॅस चुलीला मिळतो, आणि नत्र खाली स्लरीत उरतो, तो शेताला परत जातो. दुष्काळात पावसासाठी यज्ञ करणारे मी पाहिले आहेत, ज्या रानात सावलीला झाड नाही तिथं गाडीभर समिधा जाळताना. ज्ञानेश्वरांनी यज्ञाचा अर्थ स्वधर्म असा लावला. शेतकऱ्याचा स्वधर्म घमेल्यातून स्लरी उकिरड्यावर नव्हे तर वाफ्यात नेऊन ओतणं हाच असावा.

म्हणून पुतण्याला माझं उत्तर असं, उशिरा सुचलेलं. ऊन कुणाच्याच बापाचं नाही, ते घेण्यात चोरी नाही. सूर्याला परत काही देता येत नाही, आणि तो मागतही नाही. पण त्याच्या जोरावर तू जे उपसतोस त्यात शेजारच्या विहिरीचा वाटा आहे, अजून न जन्मलेल्यांचाही आहे. देणं तिकडचं आहे.

हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग किती उपसायचं ते सांगा की." प्रश्न माझ्या प्रवचनापेक्षा सरस होता. आम्ही विहिरीत दगड बांधून दोर सोडला आणि तळापासून सात फुटांवर त्याला लाल चिंधीची गाठ मारली. पाणी गाठीला आलं की शेताचा पंप बंद, खालचं फक्त माणसांना आणि जनावरांना. ऊस मोडला, त्या जागी ज्वारी केली. शेजाऱ्याच्या विहिरीत असा दोर नाही, तो अजून हसतो.

यंदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चिंधी उघडी पडली. पंप बंद आहे. सौर पाट्यांवर दिवसभर ऊन पडतंय.