‘मुक्त’ या संज्ञेचे नीतिशास्त्र

संगणकाच्या व्यवहारात ‘मुक्त’ हे विशेषण गेल्या काही वर्षांत ज्या सहजतेने वापरले जाऊ लागले आहे, त्या सहजतेकडे समीक्षेने संशयाने पाहणे आवश्यक आहे. मार्च २०२३ मध्ये सेरेब्रास या कॅलिफोर्नियातील चिपनिर्मात्या कंपनीने सात भाषाप्रतिमाने एकाच वेळी खुली केली. त्यांतील सर्वांत लहान प्रतिमान ११ कोटी १० लाख भारांकांचे, तर सर्वांत मोठे १,३०० कोटी भारांकांचे होते. अपाचे २.० या परवान्यानुसार ती कोणीही घ्यावीत, बदलावीत, त्यांतून पैसाही मिळवावा, अशी मुभा होती. ही कंपनी मुळात शब्दांचा व्यापार करणारी नव्हे. सिलिकॉनच्या संपूर्ण चकतीची एकच अखंड चिप बनवणे हे तिचे वैशिष्ट्य. मार्च २०२४ मधील तिच्या तिसऱ्या पिढीच्या चिपवर ४ लाख कोटी ट्रान्झिस्टर आहेत आणि तिचे क्षेत्रफळ ४६,२२५ चौरस मिलिमीटर, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढे आहे. चिप विकायची तर तिच्यावर काय घडवता येते हे दाखवावे लागते. त्या अर्थी भाषाप्रतिमान हा दुकानाच्या दर्शनी भागात मांडलेला माल ठरतो.

एवढ्यावरून या दातृत्वाला दांभिक म्हणण्याचे कारण नाही. बोरिवलीच्या डोंगरातील कान्हेरीची लेणी व्यापाऱ्यांच्या दानातूनही उभी राहिली. तेथील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे आढळतात. त्यांनी ते दान पुण्यासाठी केले की प्रतिष्ठेसाठी, हा प्रश्न आज गौण वाटतो. हेतू मिश्र असल्याने दान दूषित होत नाही. परंतु त्याच शिलालेखांत आणखी एक गोष्ट आढळते, ती अशी की दाता कोण, दिले काय आणि अक्षयनीवी म्हणून कोणती ठेव वा जमीन लावून दिली, हे तेथे कोरून ठेवलेले असते. दानाचा उगम हा दानाचाच भाग मानला जातो.

धर्मशास्त्रात दानाची व्याख्या स्वस्वत्वनिवृत्तिपूर्वक परस्वत्वापादन अशी केली जाते. आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे म्हणजे दान. व्याख्या कोरडी वाटली तरी तिच्यात दोन कसोट्या दडलेल्या आहेत. दिलेल्या वस्तूवर दात्याचे स्वत्व प्रथम असले पाहिजे, आणि देताना ते खरोखर सुटले पाहिजे. दुसऱ्या कसोटीला अपाचे परवाना बऱ्याच अंशी उतरतो. पहिल्या कसोटीचे काय? ही सात प्रतिमाने ‘द पाइल’ या प्रचंड पाठसंग्रहावर शिकवली गेली, आणि त्या संग्रहात ‘बुक्स३’ या नावाने सुमारे १ लाख ९६ हजार पुस्तके समाविष्ट होती. लेखकांची अनुमती कोणी घेतली नव्हती. डेन्मार्कमधील हक्कधारकांच्या तक्रारीनंतर २०२३ मध्ये ती पुस्तके सार्वजनिक ठिकाणाहून हटवण्यात आली. प्रतिमाने त्यांवर शिकून तोवर बाहेर पडली होती.

यावर हमखास दिला जाणारा प्रतिवाद असा, की भाषा कोणाच्याही मालकीची नसते आणि प्रत्येक लेखक वाचूनच लिहायला शिकतो. प्रतिवाद दुर्लक्षणीय नाही. मात्र त्यात सोस्यूरने केलेला एक मूलभूत भेद पुसला जातो. भाषाव्यवस्था कोणाचीच नसते, हे खरे. परंतु भाषिक उच्चार, म्हणजे प्रत्यक्षात बोललेले वाक्य, लिहिलेला परिच्छेद, छापलेली कादंबरी, ही नेहमी कोणाची तरी असते. कंपनीला सामग्री म्हणून उच्चार हवे असतात आणि समर्थन म्हणून भाषाव्यवस्था. उच्चार वापरून व्यवस्थेच्या नावाने निर्दोष सुटणे, ही या प्रकरणातील खरी तार्किक चलाखी आहे. रोलाँ बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली तेव्हा वारस म्हणून वाचकाचे नाव घेतले होते. येथे लेखक नाहीसा होतो, पण वारसा वाचकाकडे न येता संगणकांच्या मालकाकडे जातो. उत्तर-संरचनावादाच्या मराठी अभ्यासकांनी याची दखल घ्यायला हवी होती. ती अजून पुरेशी घेतली गेलेली नाही.

‘खुले’ आणि ‘वाचनीय’ यांतील अंतर मराठीला नवे नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडेपर्यंत ते पंथाबाहेरच्यांना अगम्यच राहिले. परंतु कुलूप उघडल्यावर आत काय सापडले? लीळाचरित्राच्या परंपरेत एखादा पाठभेद कोणाच्या स्मरणातला, याच्या नोंदी आढळतात. संहिता कुलूपबंद होती, साक्षीदार मात्र नावानिशी उभे होते. भाषाप्रतिमानाची स्थिती नेमकी उलट आहे. त्याचे शेकडो कोटी भारांक कोणालाही उतरवून घेता येतात, त्यांना कुलूप नाही. पण त्यांतील कोणताही आकडा कोणाच्या वाक्यातून आला, हे घडवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

हा प्रश्न मुंबईपासून दूरचा राहिलेला नाही. १० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईत भरलेल्या संयुक्त अरब अमिराती-भारत व्यापार मंचावर ‘नंदा’ या हिंदी प्रतिमानाची घोषणा झाली. नंदादेवी शिखराचे नाव धारण करणारे हे प्रतिमान अबू धाबीतील जी४२ समूहाची इन्सेप्शन ही कंपनी, तेथील मोहम्मद बिन झायेद विद्यापीठ आणि सेरेब्रास यांनी मिळून घडवले. पुढे खुले झालेले त्याचे १,००० कोटी भारांकांचे रूप मेटा कंपनीच्या लामा-३ वर आधारलेले आहे, आणि मूळ परवान्याच्या अटीमुळे ‘नंदा’ या नावाआधी ‘लामा-३’ हे नाव लावावे लागते. स्वत्व सुटले, पण आडनाव लावण्याचा हक्क सुटला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या परिषदेत एनव्हिडिया या दुसऱ्या चिप कंपनीने ४०० कोटी भारांकांचे आपले लहान प्रतिमान पुढे आणले, तेही हिंदीचे. या दोन घोषणांच्या मध्ये, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला होता.

या योगायोगातून मराठी मनाची एक अडचण स्पष्ट होते. शब्द न विचारता घेतले गेले हा अन्याय असेल, तर वगळले जाणे ही सुटका मानायला हवी. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख भाषकांची भाषा आपल्याच राजधानीतील व्यासपीठावर अनुल्लेखित राहिली, याचे शल्य वाटतेच. घेतले तर चोरी आणि न घेतले तर उपेक्षा, ही तक्रार वरकरणी विसंगत दिसते. वस्तुतः ती विसंगत नाही. कारण दोन्ही प्रसंगी नाकारले जाते ते एकच, दाता होण्याचे स्थान. ज्याच्याकडून घेतले गेले तो दाता नसतो, आणि ज्याच्याकडे मागितलेच नाही तोही नसतो.

हे स्थान स्वतः निर्माण करण्याचे प्रयत्न झाले आहेत. पवईच्या आयआयटीत हिंदीबरोबर मराठीचेही शब्दजाल घडले. तेथूनच ३० सप्टेंबर २०२४ रोजी भारतीय भाषांसाठी ‘भारतजेन’ हा प्रकल्प सुरू झाला. पुण्याच्या एल३क्यूब या गटाने २०२२ मध्ये ‘महाकॉर्पस’ हा २ कोटी ४८ लाख वाक्यांचा, २८ कोटी ९० लाख शब्दघटकांचा मराठी पाठसंग्रह खुला केला. ‘नंदा’साठी वापरलेले हिंदी शब्दघटक ६,५०० कोटींच्या घरात होते. मोजण्याच्या पद्धती भिन्न असल्या तरी तफावतीचा अंदाज यावरून येतो.

मात्र हा घरचा संग्रहही महाजालावरील मजकुरातून, त्यातही मोठ्या प्रमाणावर वृत्तस्थळांतून उचललेला आहे, हे विसरता येत नाही. अनुमतीचा प्रश्न सेरेब्रासला विचारायचा आणि पुण्याला विचारायचा नाही, असा पक्षपात समीक्षेला शोभणारा नाही. शिवाय वृत्तपत्री मराठी म्हणजे मराठी नव्हे. मरोळ वा गोराईच्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची बोली, वेसाव्याच्या कोळ्यांची बोली, मुलुंड-भांडुपच्या जुन्या आगरी घरांतले उच्चार यांना अशा संग्रहात जागा मिळण्याचा संभव अल्प. त्या बोलींत बरेचसे धन लग्नगीतांत आणि म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी आहे. ते महाजालावर नसल्यामुळेच अद्याप कोणी उचललेले नाही. उद्या कोणी ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन तेथे गेले, तर गाणारीचे नाव नोंदवण्याची जागा अपाचे परवान्याच्या मजकुरात नाही.