ताळेबंदातलं पाखरू

पाखरू पिंजऱ्यात असतं तोवर त्याच्याबद्दल कोणाचंही काही मत नसतं. सकाळी वाटीत दाणे टाकले, पाणी बदललं, तळाशी कालचा पेपर अंथरला, की संबंध संपला. ते एकदा उडालं, की मात्र घरातला जो तो तत्त्वज्ञ होतो. एरवी भाजी कोणती करायची यावर एकमत न होणारी माणसं एकदम स्वातंत्र्य, पाप-पुण्य, निसर्ग आणि ईश्वरेच्छा यांवर बोलू लागतात. मी साधा बी.कॉम. माणूस. मला यातलं काही येत नाही. मला फक्त जमा आणि नावे कळतं. पण या प्रश्नाचा हिशेब कोणीतरी मांडायलाच हवा, म्हणून हा खटाटोप.

आधी आरोपीची ओळख. मी म्हणतो ते पाखरू म्हणजे बजी. आपल्याकडे दुकानदार त्याला खुशाल ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे, हा ऑस्ट्रेलियाचा. पण गिऱ्हाइकाला खंड कुठला याच्याशी कर्तव्य नसतं, जोडी हवी असते. ऑस्ट्रेलियात हा हिरवा असतो आणि मोठमोठ्या थव्यांनी, गवताचं बी नि पाणी शोधत माळरानं तुडवतो. १८४० साली जॉन गोल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञाने यातले काही जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून यांची जी बदली झाली ती कायमची. आमच्या बँकेत बदली झाली तर निदान परतीचा अर्ज करता येतो. यांच्या पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या, माणसाने हौसेने त्यांना पिवळं केलं, निळं केलं, पांढरं केलं.

कायद्याचीही गंमत पाहा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला देशी, कंठवाला पोपट पिंजऱ्यात ठेवायला बंदी आहे. बजी पडला परदेशी, तो त्या यादीत नाही. परदेशी पासपोर्टवर अडकलेला असा प्राणी दुसरा नसेल. आणि २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तर एका प्रकरणात म्हटलं, की आकाशात उडणं हा पक्ष्यांचा मूलभूत हक्कच आहे. म्हणजे प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही. उडालेलं पाखरू परत कोंडायचा आपल्याला अधिकार काय?

गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न आमच्याच बैठकीच्या खोलीत येऊन पडद्याच्या दांडीवर बसला. तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातला पिवळा बजी. पाठोपाठ त्याची मालकीण (वय वर्षे आठ), तिची आजी, आणि ज्यांचा पाखराशी काही संबंध नव्हता असे चार शेजारी.

‘‘बाबा, खिडकी उघडा आणि जाऊ द्या त्याला,’’ आमचे चिरंजीव गरजले. ते सध्या कॉलेजात असल्यामुळे जगातले सगळे पिंजरे त्यांच्या विरोधात आहेत.

‘‘पाखरू कोंडलं की पुढच्या जन्मी आपण कोंडले जातो हो,’’ आजी म्हणाल्या.

‘‘पुढच्या जन्माचं मागाहून बघू. आधी तो पंखा बंद करा!’’ सौ. स्वयंपाकघरातून ओरडली. त्या सबंध सभेत कामाचं असं हे एकच वाक्य झालं.

मी पंखा बंद केला आणि खिडकीही लावली. ‘‘तुम्ही पिंजऱ्याच्याच बाजूने असणार!’’ चिरंजीव म्हणाले. मी दहा ते पाच काचेच्या केबिनमध्ये बसून समोरच्या फटीतून नोटा देतो-घेतो, याला हा टोमणा होता. मी काही बोललो नाही. बाहेर छज्जावर दोन कावळे वाट बघत बसले होते, ते नुसते बोटाने दाखवले.

तेवढ्यात ती चिमुरडी म्हणाली, ‘‘काका, हा बाहेर खाईल काय? याला वाटीच माहितीय.’’

सगळे गप्प झाले. मुद्दा नेमका तोच होता. थव्यात राहणारा पक्षी, पण बाहेर त्याचा थवा नाही. गवतात लपेल असा हिरवा रंग होता, तो आपण काढून घेतला. दाणा शोधायला शिकवणारं कोणी नाही. अशाला खिडकी उघडून देणं म्हणजे जन्मभर घरात ठेवलेल्या म्हाताऱ्याला स्टेशनवर सोडून ‘आता तुम्ही मोकळे’ म्हणण्यासारखं आहे. मोकळं कोण झालं? सोडणारा!

तेव्हा त्याला परत न्यायचं ठरलं. यातही घाई चालत नाही. काचेवर आपटू नये म्हणून पडदे ओढले, आरसा चादरीने झाकला. पिंजरा आणून कपाटावर ठेवला, दार उघडं, राळ्याची वाटी समोर दिसेल अशी. त्याची जोडीदारीण दुसऱ्या लहान पिंजऱ्यात शेजारी. ती हाका मारत राहिली, हा दांडीवरून उत्तरं देत राहिला, पण खाली काही येईना. झाडू घेऊन पाठीमागे लागलं तर भीतीनेच अर्धमेला होतो, म्हणून नुसतं थांबलो. अंधार पडल्यावर दिवा मालवला. काळोखात हा उडत नाही. मग मऊ पंचा अलगद टाकून मी त्याला उचललं. छाती मात्र दाबायची नाही. पाखराला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीच हलली नाही तर श्वास कोंडतो. वजन म्हणाल तर दहा रुपयांच्या पाच नाण्यांएवढं. इतकी किरकोळ रोकड मी आयुष्यात इतक्या जपून मोजली नव्हती.

दार लागलं, टाळ्या पडल्या, ‘‘वाचला बिचारा!’’ असं सगळे म्हणाले. या ‘वाचला’वर माझ्यातला कारकून अडतो. वाचला खरा, पण त्याला बाहेर जगता येऊ नये अशी व्यवस्था कोणी केली? आग लावणाऱ्यानेच बंब आणावा आणि हारही घालून घ्यावा, तसलं हे.

हिशेब असा आहे. लोकांना वाटतं, बँकेतल्या ठेवी ही बँकेची मालमत्ता. ताळेबंदात त्या देण्यांच्या बाजूला लिहितात. तिजोरी आमची, किल्ली आमची, पैसा मात्र दुसऱ्याचा. दहा वर्षं खात्याकडे कोणी फिरकलं नाही तरी ती रक्कम आमची होत नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, आणि नंतर वारस उगवला तरी त्याला मिळते. काळ लोटला म्हणून देणं बुडत नाही.

पाखराचंही तेच. आपण ते मालमत्तेत लिहितो, फ्रिज आणि सोफासेटच्या खाली. ते देण्यांत लिहायला हवं. १८४०पासूनचं आकाश आपल्याकडे थकलेलं आहे आणि मुद्दल फेडण्याची आपली ऐपत नाही. मग निदान व्याज तरी वेळेवर द्यावं. लांबरुंद पिंजरा, सोबत, आणि रोज तासभर बंद खोलीत, पंखा थांबवून, उडण्याची मुभा. एवढं ज्याला जमत नाही, त्याने ही ठेव स्वीकारूच नये.

तिसऱ्या मजल्यावर आता संध्याकाळी तासभर पंखा बंद असतो. उकाड्याने आजी पदराने वारा घेत बसतात. चिरंजीवांना हे अजून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, पिंजरा तो पिंजराच. बरोबरच आहे. मी कुठे म्हणतो ताळेबंद जुळला? पण देणं देण्याच्या बाजूला लिहिलेलं असलं, की खातं बंद झालं असं तरी कोणी समजत नाही.