अनित्याची निगा

सर्व संस्कार, म्हणजे घडलेल्या सर्व गोष्टी, अनित्य आहेत असे शिकविणाऱ्या बुद्धाच्या मूर्तीची झीज थोपवावी काय, हा प्रश्न जपानातील कामाकुरा येथे केवळ तात्त्विक राहत नाही. कारण १२५२ साली जिच्या घडणीस आरंभ झाला, ती ११ मीटरांहून उंच अशी अमिताभ बुद्धाची कांस्यमूर्ती, भोवतालचे मंदिर नष्ट झाल्यामुळे, निदान पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उघडीच बसलेली आहे. तिचा सुवर्णलेप जवळजवळ लोपला. उजव्या गालावर तेवढा त्याचा अंश राहिला आहे, आणि तो पुन्हा चढविलेला नाही हे मला अत्यंत उचित वाटते.

अंगावरचा हिरवा थर हा मळ नव्हे. ते धातूने काळाच्या साहाय्याने स्वतःच धारण केलेले कवच आहे, आणि चकाकीच्या हव्यासाने ते घासून काढणे म्हणजे मूर्तीचे आयुष्यच खरवडणे होय. परंतु पक्ष्यांची आम्लयुक्त विष्ठा आणि क्षारांतील क्लोराइड त्याच धातूस पोखरीत जातात, म्हणून त्यांचा बंदोबस्त करावाच लागतो. २०१६ साली मूर्तीची तपासणी व सफाई झाली, तरी ती आजही हिरवीच आहे.

मूर्तीस झिजू देणे हीच खरी विरक्ती, असे जे म्हणतील, त्यांस मी इतकेच विचारीन की, विनयाच्या नियमांत भिक्षूंना फाटलेल्या चीवरास ठिगळ लावण्याची मुभा मग कशासाठी दिली?