पाहुणीचं देणं

दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतात, लेसोथोच्या सरहद्दीजवळ, मालुती डोंगरांच्या पायथ्याशी एका जुन्या शेतावर आलिशान लॉज आहे. तिथे मी दोन रात्री राहिले. भाषांतरकारांच्या एका कार्यशाळेसाठी त्या देशात गेले होते, ती संपल्यावर यजमान संस्थेने दिलेली ही भेट होती. माझ्या पैशाने मी तिथे गेले नसते. एका रात्रीचं भाडं मला एका कादंबरीच्या अनुवादाला मिळालेल्या मानधनाच्या निम्मं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात नैतिक उंचीचा आव येण्याचा धोका आहे, आणि फुकट राहिलेल्या माणसाने तो आणू नये.

एप्रिल महिना होता, म्हणजे तिथली पानगळ. ओढ्याकाठचे पॉपलर पिवळे झाले होते. घर तिथल्याच वालुकाश्माचं, पुढे पत्र्याची लांब पडवी. संध्याकाळी मागच्या कड्यांवर ऊन पडलं की घराचा आणि डोंगराचा रंग एक व्हायचा. खोलीत शेकोटी, पलंगावर पिसांची दुलई, उशाशी गुळगुळीत कागदावर छापलेली एक छोटी पुस्तिका. तिच्यात या ‘ऐतिहासिक शेता’ची हकिकत होती. एकोणिसाव्या शतकात हे कुटुंब बैलगाड्यांतून इथे आलं. इंग्रजांशी झालेल्या युद्धात घर जाळलं गेलं. घरातल्या बायका-मुलांना छावणीत नेलं, त्यातली सगळी परत आली नाहीत. उरलेल्यांनी त्याच दगडांतून घर पुन्हा उभं केलं. पाच पिढ्यांनी हे शेत कसलं.

काहीही वाचताना मनात मराठी करून पाहायची मला खोड आहे. या शेवटच्या वाक्याशी मी अडले. इंग्रजीत जे क्रियापद होतं ते शेताच्या मालकालाही लागू पडतं आणि नांगर धरणाऱ्यालाही. मराठीत तसं होत नाही. ‘शेत कसणं’ म्हटलं की हात मातीत जातात. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेनंतर तर हा शब्द साधा राहिलेलाच नाही. कोण कसत होतं, कोणाची जमीन, कुळ कोण, खंड किती, असे प्रश्न त्याच्या मागोमाग येतात. मी मनात ‘पाच पिढ्यांनी कसलं’ असं लिहिलं आणि ते खोटं वाटलं. ‘पाच पिढ्यांच्या मालकीचं’ असं लिहिलं, तर ते पुस्तिकेत नव्हतं.

त्या भागाचा इतिहास मला थोडा ठाऊक होता. हा मुलुख बासोथो लोकांचा. १८६५ साली सुरू झालेल्या युद्धात फ्री स्टेटच्या गोऱ्या प्रजासत्ताकाने तो राजा मोशोएशोएकडून घेतला, आणि १८६९च्या तहाने कॅलेडन नदी सरहद्द ठरली. त्या नदीचं बासोथोंचं नाव मोहोकारे. नदीअलीकडच्या सुपीक पट्ट्याला गोरे लोक ‘जिंकलेला मुलुख’च म्हणायचे. तिथे गोऱ्यांची शेतं झाली. त्या शेतांवर काळी कुटुंबं स्वतःचे बैल, स्वतःचा नांगर आणि स्वतःचं बियाणं घेऊन राबत आणि निम्मं पीक मालकाला देत. आपल्या कोकणात याला नेमका शब्द आहे, अर्धेल. १९ जून १९१३ रोजी जमीन कायदा आला. काळ्या बहुसंख्यांना देशाच्या सुमारे सात टक्के जमिनीबाहेर जमीन घ्यायला बंदी झाली (१९३६ साली हा आकडा तेरा टक्क्यांच्या आसपास गेला), आणि फ्री स्टेटमध्ये अर्धेलीही बेकायदा ठरली. एक तर मालकाचा मजूर व्हा, नाहीतर गुरंढोरं घेऊन चालते व्हा.

त्या हिवाळ्यात सोल प्लाकी नावाचा माणूस सायकलवरून या रस्त्यांवर फिरला. पत्रकार, एके काळचा कोर्टातला दुभाषी, आणि पुढे शेक्सपिअरला सेत्स्वाना भाषेत आणणारा अनुवादक. त्याच्या १९१६ सालच्या पुस्तकात एका बेघर झालेल्या कुटुंबाची हकिकत आहे. प्रवासात त्यांचं तान्हं मूल दगावलं. ज्या जमिनीवर ते उभे होते ती कुणा ना कुणाची होती आणि पुरायची परवानगी कोण देणार, म्हणून आईबापांनी ते रात्री चोरून पुरलं. त्याच १९१३च्या डिसेंबरात, त्याच प्रांताच्या राजधानीत, ब्लुमफाँटेनमध्ये, इंग्रजांच्या छावण्यांत मेलेल्या सव्वीस हजार बोअर बायका-मुलांच्या स्मारकाचं अनावरण झालं. वेगळ्या छावण्यांत मेलेल्या, निदान नोंद असलेल्या चौदा हजारांहून अधिक काळ्या माणसांसाठी ते नव्हतं.

म्हणजे उशाजवळची पुस्तिका खोटी होती का? नव्हती. घर जळलं होतं, मुलं मेली होती. दुःख खरं होतं. फक्त हकिकत जिथे सुरू होत होती त्याच्या आधी काही घडलं होतं आणि जिथे घर पुन्हा उभं राहत होतं तिथे दगड वाहणारी आणखी माणसं होती.

मला एक लबाड समाधानही मिळालं, तेही लिहिते. १८९१च्या एका कायद्याने फ्री स्टेटमध्ये आशियाई माणसाला स्थायिक व्हायला, व्यापार किंवा शेती करायला बंदी होती. गांधींनी आत्मकथेत लिहिलं आहे की भारतीयाला तिथे राहायचं तर हॉटेलातला वेटर किंवा तशाच कामाचा गडी म्हणून. ही बंदी १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. दुलईत पडल्या पडल्या मी विचार केला, माझ्या लहानपणी मला इथे झोपता आलं नसतं. आणि एवढ्या विचाराने मी स्वतःला बाधितांच्या रांगेत नेऊन उभं केलं. ती रांग माझी नव्हती, हे कळायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकीण बाईंना कळलं की मी भाषांतरकार आहे. दिवाणखान्यात एक लाकडी फळा होता. त्यावर पाहुण्यांनी आपापल्या भाषेत स्वागताचा शब्द लिहिलेला. जर्मन होती, जपानी होती, मराठी नव्हती. त्यांनी खडू पुढे केला. मराठीत घरी आलेल्याला आपण ‘या’ म्हणतो. ‘या, बसा.’ तेच लिहिणार होते, पण हात थांबला. ‘या’ म्हणायचं ते घरच्या माणसाने. मी इथे कोण? शेवटी मंगल कार्यालयाच्या कमानीवर असतं तसं ‘सुस्वागतम्’ लिहून मोकळी झाले. कुणीच कुणाला म्हणत नाही असा तो शब्द आहे, म्हणून सोयीचा. बाईंनी त्याचा फोटो काढला.

त्यानंतर तासाभराने मी पडवीत न्याहारी करत असताना फाटकाशी एक उघडी गाडी येऊन थांबली. सात-आठ माणसं होती. एक म्हातारी, खांद्यावर बासोथो पद्धतीचं जाड ब्लँकेट. ते आत आले नाहीत. बाई गेल्या, काही बोलणं झालं, मग फाटक उघडलं आणि ते सगळे घरामागच्या उताराकडे चालत गेले. बाईंनी परत येऊन मला सांगितलं, तेही जरा दिलगिरीच्या सुरात, की या लोकांची थडगी वर आहेत, ते कधीतरी येतात, आधी फोन करतात, फार वेळ लागत नाही.

आदल्या संध्याकाळी मी त्या उतारावर फिरायला गेले होते. लोखंडी कुंपणातली मालकांची संगमरवरी थडगी पाहिली होती, नावं-तारखा वाचल्या होत्या. त्यांच्यापलीकडचे दगडांचे ढीग मी पाहिले होते आणि शेतातले वेचून टाकलेले दगड असावेत असं समजून पुढे गेले होते.

१९९७च्या एका कायद्याने दक्षिण आफ्रिकेत दुसऱ्याच्या जमिनीवर असलेली आपल्या घरच्यांची थडगी पाहण्याचा आणि राखण्याचा हक्क दिला आहे, मालकाच्या वाजवी अटी पाळून. फोन करून येणं ही त्यातलीच एक अट असणार. ती म्हातारी फाटकाशी वाट पाहत होती तेव्हा मी तिसरा चहा घेत होते. सेसोथो भाषेत पाहुण्याला आणि प्रवाशाला एकच शब्द आहे, ‘मोएती’. थॉमस मोफोलोच्या १९०७ साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीच्या नावात तो येतो, म्हणून मला ठाऊक. याच मोफोलोने १९३७ साली दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत शेत विकत घेतलं आणि जमीन कायद्यापायी ते त्याच्या हाती राहिलं नाही. फाटकाशी उभी असलेली म्हातारी आणि पडवीत बसलेली मी, यांत मोएती कोण? परतताना ती पडवीसमोरून गेली. मी उभी राहून ‘दुमेला, म्मे’ म्हटलं. तिने मान हलवली आणि चालत राहिली.

आता खरा प्रश्न. अशा ठिकाणी राहावं का?

राहू नये म्हणणाऱ्यांचं मला समजतं, पण मी न गेल्याने एक एकरही कुणाला परत मिळत नाही. खोल्या झाडणाऱ्या आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे पगार मात्र येणाऱ्यांच्या पैशातूनच होतात. झालं ते झालं, डोंगर पाहा आणि झोपा, हे म्हणणंही मला पटत नाही. डोंगर सुंदरच होते, पण थडगी पाहायला माणसं आजही फोन करून येतात, म्हणजे ते ‘झालेलं’ नाही. तिसरा मार्ग सुशिक्षितांचा. अपराधी वाटून घ्यायचं, परत येऊन त्यावर लेख लिहायचा. शेकोटी आणि दुलईसारखी ती एक जादा सोय. हा लेख त्यातलाच असेल ही शंका मला आहे.

कार्ल यास्पर्सने १९४६ साली जर्मनांच्या अपराधाचा विचार करताना त्याचे चार प्रकार केले. मला मात्र आपल्या घरातले दोन शब्द जास्त उपयोगी पडले, पाप आणि ऋण. बापाचं पाप मुलाला लागत नाही असं आपण मानू शकतो, मानलंच पाहिजे. पण बापाचं कर्ज मुलाकडे येतं. घर हवं असेल तर घरावरचा बोजाही घ्यावा लागतो. त्या कुटुंबाच्या पाचव्या पिढीने कुणाला हाकललेलं नाही. तिला पापी म्हणायचा मला अधिकार नाही. पण पुस्तिकेत पाच पिढ्या अभिमानाने मोजायच्या आणि बोजा मात्र पहिल्या पिढीबरोबर पुरला म्हणायचं, हा हिशेब जुळत नाही.

आणि पाहुणी? ऋण तिचं नाही. पण दोन दिवस ती त्याच्या व्याजावर जेवते. तिचं देणं लहान आहे, तरी आहे. सांगितलेली हकिकत जेवणाबरोबर गिळून न टाकणं, ‘त्याआधी?’ असं विचारणं, आणि दगडांचे ढीग कसले हे विचारल्यावाचून पुढे न जाणं. मी विचारलं नव्हतं. निघताना अभिप्रायाच्या वहीत मी लिहिलं की वरच्या दुसऱ्या थडग्यांबद्दलही पुस्तिकेत असावं. चार ओळींचं, सभ्य इंग्रजीत. मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं दोन महिने टिकलं. मग रत्नागिरी जिल्ह्यातून चुलतभावाचा फोन आला. आमचं गावचं घर तो दुरुस्त करतोय, चार खोल्या पाहुण्यांसाठी काढतोय. “ताई, वेबसाइटसाठी इंग्रजी मजकूर तू लिहून दे. दीडशे वर्षांचं घर आहे, जरा हेरिटेज वाटलं पाहिजे.” आमचे पणजोबा खोत होते. खोत म्हणजे सरकार आणि कुळं यांच्यामधला माणूस, गावाचा सारा भरायचा आणि कुळांकडून त्याच्या कितीतरी पट वसूल करायचा. डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं, पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले, आणि खोती कायद्याने संपली ती १९४९ साली. कूळ कायद्यात आमची बरीच जमीन गेली. लहानपणी घरात ‘गेली’ हाच शब्द ऐकला. कुणाकडे गेली, हे कुणी सांगितलं नाही. ज्यांच्याकडे गेली ते खालच्या वाडीत राहतात. त्यांच्या आज्या आमच्या मागल्या दारी येत, पुढच्या नाही.

घरापुढे खळं आहे. तिथे भाऊ टेबलं मांडणार आहे, चांदण्यात जेवणं. त्याच खळ्यात कुळं भात आणून घालायची आणि पणजोबांचा माणूस पायलीने मोजून अर्धेल बाजूला काढायचा.

फ्री स्टेटमधल्या पुस्तिकेत काय राहून गेलं हे मला एका रात्रीत दिसलं होतं. स्वतःच्या घराचा मजकूर लिहायला मला पाच महिने लागले. आधी जो मसुदा केला त्यात ‘पिढ्यान्‌पिढ्या या कुटुंबाने इथे भातशेती केली’ असं वाक्य मीच लिहिलं होतं. इंग्रजीत ते अगदी सहज उतरलं. मराठी करून पाहिलं तेव्हा ‘कसलं’ या शब्दापाशी पुन्हा अडले.

शेवटी पाठवलेल्या मजकुरात खळ्याबद्दल तीन वाक्यं आहेत. ते कशासाठी होतं, भात कोणाचं होतं, आणि ते पिकवणाऱ्यांची घरं आजही खालच्या वाडीत आहेत. भाऊ भला माणूस आहे, चिडला नाही. म्हणाला, “ताई, लोक विश्रांतीला येतात गं. जेवताना हे कोण वाचणार?” मी म्हटलं, वाचतील, मी वाचलं असतं. मग तो म्हणाला, “आणि वाडीतल्यांना विचारलंस का, त्यांना हे लिहिलेलं चालेल का?”

नव्हतं विचारलं. मे महिन्यात जाणार आहे, तेव्हा खालच्या वाडीत जाऊन विचारीन. त्यांनी ‘या, बसा’ म्हटलं, तर बसेन.