संहिता नसलेली रात्र

वालावलला लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे, देवळाला लागून तळं आहे. वालावलकरांच्या दशावताराचं नाव सिंधुदुर्गात सगळ्यांना ठाऊक. लहानपणी आम्ही पोरं कडेला गोणपाट टाकून पहाटेपर्यंत दशावतार बघायचो. देव आपला नाही, हे बापानं सांगितलं होतं. नाटक बघू नको, असं तो कधी म्हणाला नाही.

आता मी कोल्हापूरकडच्या एका सूतगिरणीत रिंगवर तुटलेले धागे जोडतो. सुट्टीला आलो की वाडीतल्या सात पोरांना घेऊन विनोदी खेळ उभा करतो. जयंतीला, नाहीतर कुणी बोलावलं तर शेजारच्या गावात. खेळाला लिहिलेली संहिता नसते. म्हणूनच हा प्रश्न पडला.

रीत दशावताराची आहे. तिथं छापील नाटक नसतं. खेळाआधी रंगपटात प्रमुख माणूस आख्यान सांगतो. कोण राजा, कोण राक्षस, कोण कुणानंतर येणार. नट तोंड रंगवता रंगवता ऐकतो. मग एक पडदा, एक बाकडं, पेटी, पखवाज, झांज. बाकी बोलणं जागच्या जागी. इटलीतल्या कॉमेदिया देल्लार्तेच्या मंडळ्या सोळाव्या शतकात असंच करायच्या. आराखडा ठरलेला, शब्द नटाच्या तोंडचे.

आम्ही रीत घेतली, आख्यान घेतलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी आठवा. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही. दहाच्या यादीत बुद्धाला बसवणारं आख्यान आपल्याला कसं चालेल? १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशांनीही तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला.

आणि तो संकासुर बघा. काळा वेश, मालवणी बोली, लोकांना पोट धरून हसवतो. त्यानं वेद चोरलेत. बोलायला तो मोकळा, पण शेवटी विष्णूच्या हातून मरायला बांधलेला. हसव, आणि मर. आपल्या बापजाद्यांना मिळालेलं स्वातंत्र्य बरेचदा याच मापाचं होतं.

आता आमच्या दोन रात्री सांगतो.

खेळ रेशन दुकानाचा. म्हाताऱ्याचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. पहिल्या रात्री म्हातारा झालेल्या पोरानं हात वर केला आणि म्हणाला, "चिरे काडून काडून आंगठो झिजलो. आता सरकाराक मी खंय दिसतलंय?" हे मी सांगितलं नव्हतं. त्याचा बाप चिरेखाणीवर आहे. मंडप हसला आणि हसता हसता गप्प झाला. ती चांगली रात्र.

दुसरी रात्र, दुसरा गाव. तोच पोरगा मधेच कोरा पडला. नंतर म्हणाला, "माका काय्येक सुचूक नाय." दुकानदार झालेल्यानं खेळ सावरायला रांगेतल्या नवरा नसलेल्या बाईवर एक टोमणा हाणला. कसला ते लिहीत नाही. मंडप फुटला. वर्षातला सगळ्यात मोठा हशा. लोकांनी बक्षिसं दिली. पडद्यामागं मीही हसलो. वाचलो एकदाचे!

परतताना माझी बहीण चालत होती. तिचा नवरा चार वर्षांमागं गेला. ती म्हणाली, "दादा, ता माझ्यावरच होता मां?"

ही रात्र चांगली की वाईट? आणि वाईट असेल तर दोष कुणाचा? पोरगा म्हणतो, कुणी लिहिलं नव्हतं, तोंडात आलं. मी म्हणतो, मी सांगितलं नव्हतं. लेखकच नाही. मग हे पाप बिनमालकाचं?

नाही, मित्रांनो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. कागद जळाला. पण जे कागदावर नाही, जिभेखाली आहे, त्याचं काय? समोर लिहिलेली संहिता नसते तेव्हा आत बसलेली संहिता बोलते. पहिल्या रात्री चिरेखाण बोलली. दुसऱ्या रात्री मनू बोलला. तोंडं आमचीच.

एक मित्र म्हणाला, मग लिहूनच दे सगळं. दोन खेळ तसे करून पाहिले. पोरं शाळेतल्यासारखी पाठ म्हणू लागली. ज्याला वाचताना अडखळायला होतं तो गळाला, आणि अंगठ्याचं वाक्य त्याचंच होतं. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यानं दिलेलं बोललो. आता आपल्याच पोरांच्या तोंडात मीही शब्द कोंबायचे?

म्हणून मला वाटतं, खेळ उभा करणाऱ्याची जबाबदारी खेळाच्या आधी आणि नंतर असते. आधी ठरवायचं की हसू कुणावर जाणार. आपल्याला दाबणाऱ्यावर जाऊ दे, आपल्याहून दबलेल्यावर नको. तालमीत प्रत्येकानं एकदा तरी ज्याच्यावर हसतात तो व्हायचं. आणि वाईट रात्रीनंतर कोऱ्या पडलेल्याला झापायचं नाही. रिंगवर धागा तुटतोच, जोडून पुढं जायचं असतं. कोरं पडणं हा गुन्हा नव्हे. स्वतः वाचण्यासाठी दुसऱ्याला पुढं ढकलणं हा गुन्हा. त्याबद्दल बोलायचंच, पण पहिला कबुलीजबाब पडद्यामागं हसणाऱ्याचा.

तो मी दिला. पुढच्या खेळात रांगेतली ती बाई आम्ही बोलती केली. तिचं काम टोमणा मारणाऱ्या पोरालाच दिलं. खेळाआधी तो बहिणीजवळ बसून आला, ती रांगेत काय ऐकते ते विचारून. त्या रात्री हशा कमी पडला. बक्षीस नाहीच. बहीण शेवटपर्यंत बसली.

तुम्ही शाखेत बोलता, मोर्च्यात बोलता, कागद न घेता बोलता. टाळ्या पडतात. त्या वेळी मंडपात कोण हसत नाहीये, कुणी पदर तोंडाशी ओढलाय, तिकडं एकदा बघा. रात्र कशी झाली ते टाळीवाल्यांना विचारू नका. त्यांना विचारा.